वऱ्हाडची भिंत : गढी, कुड आणि वीट



घर बांधावयास निघालेला गृहस्थ जागेचा विचार करतो, खोल्यांचा करतो, छपराचाही करतो. भिंत मात्र गवंड्यावर सोंपवून तो मोकळा होतो. वास्तविक उन्हाळ्यांत घरांतील माणसांची झोंप छपराइतकीच भिंतीच्याही हातीं असते. भिंत कशाची करावी, तिला बाहेरून कोणतें आवरण द्यावें आणि तिच्या पोटांत काय असावें, ह्या प्रश्नाला यवतमाळ जिल्ह्यानें निरनिराळ्या काळीं निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत. जेथें मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, तेथें त्या उत्तरांचा इतिहास केवळ जिज्ञासेचा विषय राहत नाहीं.

१८५३ सालीं वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. पुढें त्याच्या ह्या कोपऱ्याचा वणी जिल्हा झाला आणि १९०५ सालीं दारव्हा व पुसद हे तालुके जोडून त्याला यवतमाळ हें नांव मिळालें. दप्तरांतील नांवें अशीं बदलत होतीं, तरी गांवाची जुनी विभागणी ढळली नव्हती : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. ही वांटणी जितकी महसुलाची, तितकीच बांधकामाचीही आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हांत आकसून तिला खोल भेगा पडतात. जी कपाशीला मानवते, ती भिंतीला मानवत नाहीं. भिंतीला पांढरी मातीच हवी.

पाटील-देशमुखांच्या गढ्या उभ्या राहिल्या त्या ह्याच मातीच्या. माती भिजवावी, तींत कुटार मिसळावें, पायांनीं तुडवून मुरूं द्यावी आणि एक थर वाळला म्हणजे त्यावर दुसरा चढवावा, अशी ती रीत. अशा दोन-दोन हात रुंद भिंतीवर दुपारीं पडलेलें ऊन आंतल्या बाजूस पोंचतां पोंचतां रात्र उलटते, आणि तोंवर बाहेरची हवा निवालेली असते. शत्रूसाठीं घातलेली ही जाडी उन्हालाही थोपवून धरी.

परंतु एवढी माती वाहून आणणें आणि तुडविणें मजुराला कोठून परवडणार? त्याचें घर कुडाचें. बांबूच्या कामट्या, तुराट्या किंवा पऱ्हाट्या उभ्या-आडव्या बांधावयाच्या आणि दोन्हीं अंगांनीं शेणमातीचा लेप द्यावयाचा. केळापूर, मारेगांव, वणी ह्या भागांतील कोलाम व गोंड वस्त्यांतून हीच भिंत पिढ्यान् पिढ्या चालत आली. हिला गरिबीची भिंत म्हणून हिणविण्याचें कारण नाहीं. कुड लवकर तापतो, तसा लवकर निवतोही. गढींतील मंडळींना दुपार घरांत काढावयाची असे. मजूर दुपारीं शेतांत असे आणि त्याला थंडावा हवा तो रात्रीं निजतांना. दोन्ही भिंती आपापल्या दिनक्रमाला साजेशा होत्या.

मात्र जुन्याचें कौतुक करतांना त्याची किंमत विसरूं नये. कुडाला वाळवी लागते, ठिणगी लागते, आणि दर पावसाळ्यानंतर त्याचा लेप नव्यानें द्यावा लागतो. हें लिंपण-सारवण केलें कोणीं? घरच्या बायकांनीं. शेतांतलें काम उरकून, पाणी भरून, उरल्या वेळांत. भिंतीचा गारवा हा त्यांच्या हातांच्या श्रमांतून येत असे, आणि तो हिशेब कोणत्याही दप्तरांत मांडला गेला नाहीं.

म्हणून वीट, सिमेंट आणि टिन आलीं तेव्हां लोकांनीं त्यांचें स्वागत केलें, ह्यांत नवल नाहीं. हिंदुस्थानांत पोरबंदर येथें १९१४ सालीं सिमेंटचें उत्पादन सुरू झालें. पुढें तें खेडोपाडीं पोंचलें. विटेची भिंत आगीला भीत नाहीं, पावसाला विरघळत नाहीं, दरसाल लेप मागत नाहीं. पण नऊ इंची भिंतीवर दुपारीं पडलेलें ऊन साधारण सहा-सात तासांनीं आंत उतरतें, म्हणजे नेमकें माणसें अंथरुणें घालतात तेव्हां! त्यांत वर टिन असलें, तर दिवसाचाही आसरा गेला. बायकांचे श्रम वांचले. परंतु घरांत ऊष्मा वस्तीला आला. आणखी एक घोटाळा : जुन्या मातीच्या भिंतीला मजबुती यावी म्हणून वरून सिमेंटचा गिलावा करतात. मातीला श्वास घ्यावा लागतो. ओलावा आंत कोंडला, कीं गिलावा फुगून सुटतो आणि भिंत आंतून कुजते. मातीला आवरण द्यावयाचें तें मातीचें किंवा चुन्याचें.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत १९३६ सालीं महात्मा गांधी शेगांवास, म्हणजे पुढच्या सेवाग्रामास, राहावयास गेले. तेथील कुट्या माती, बांबू आणि लांकूड ह्या जवळपासच्या साहित्याच्या आहेत, आणि मीराबेननीं मातीच्या भिंतीवर उठविलेले चरखा व ताडाचे आकार आजही पाहावयास मिळतात. मातीची भिंत नीट राखली तर दीर्घकाळ टिकते, ह्याची साक्ष त्या देतात.

परदेशांतही ह्याच प्रश्नाचा विचार झाला. अमेरिकेंत लांकडी सांगाड्याला फळ्यांचें आवरण देऊन मधल्या पोकळींत ऊब राखणारा पदार्थ भरतात. १९२० च्या सुमारास लुइझियानांत उंसाच्या चोयट्यांपासून ह्या कामाचे तक्ते निघूं लागले. आपल्याकडे पऱ्हाटीचा असाच उपयोग व्हावा म्हणून, १९२४ सालीं माटुंग्यास स्थापन झालेल्या कापूस तंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेनें पुढील काळांत तिच्यापासून तक्ते करण्याची पद्धत बसविली. जी पऱ्हाटी कुडांत होती, तीच निराळ्या वेषांत घरीं परतण्याची ही वाट आहे. परंतु परक्यांची रचना जशीच्या तशी उचलूं नये. त्यांचें भांडण थंडीशीं आहे, आपलें उन्हाशीं.

मग आज बांधणारानें काय करावें? सगळें घर गढीसारखें करण्याची गरज नाहीं. पश्चिमेच्या भिंतीकडे प्रथम पाहावें, कारण दिवसभर तापल्यावर ऊन तिच्यावरच तिरपें पडतें. तिला ओसरीची किंवा झाडाची सावली द्यावी. विटा कडेवर उभ्या रचून मध्यें पोकळी राखण्याची पद्धत लॉरी बेकर ह्यांनीं केरळांत रूढ केली. कोंडलेली हवा उष्णतेला अडविते आणि विटाही कमी लागतात. भिंत जड असेल, तर उष्णता अडविणारा थर शक्यतो बाहेरच्या अंगाला द्यावा, म्हणजे भिंत मुळांतच तापत नाहीं. आणि चुन्याचा पांढरा हात ही तर सर्वांत स्वस्त ढाल होय.

२०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेखालीं ग्रामीण भागांत कच्च्या घरांच्या जागीं किमान २५ चौरस मीटरचीं पक्कीं घरें बांधण्यांत आलीं. पावसांत न गळणारें घर गरिबाला मिळणें हा न्यायच आहे. पण 'पक्कें' हा शब्द आपण पाणी आणि आग ह्यांच्या मापानें ठरविला. उन्हाचें माप त्यांत घातलें नाहीं. ज्याच्याजवळ कूलर आहे त्याला तें सोसतें. पाळण्यांतलें मूल, चुलीपुढची बाई आणि खाटेवरचा म्हातारा ह्यांना सोसत नाहीं. बायकांना वर्षावर्षाला राबविणार नाहीं आणि रात्रीं माणसांना भाजणार नाहीं, ती भिंत खरी पक्की.