सासऱ्यांची सुमो आणि तिच्या नावातला माणूस



भंगारवाल्याने आमच्या सुमोचे ३८ हजार सांगितले आणि वर म्हणाला, "काकू, लोखंडाचाच भाव देतोय." गाडी २००१ ची. सासरे गेल्यापासून गोंदियातल्या घरामागे, धानाच्या कोठाराला टेकून उभी. मुलाला ती काढून हप्त्यांवर नवी घ्यायची होती. माझ्या डब्यात वर्षानुवर्षे साठवलेले ८० हजार होते. तेवढ्यात दुरुस्त झाली तर ठेवायची, नाहीतर मीच चावी देईन, असे ठरले.

सुमो हे नाव जपानी पहिलवानांवरून आले असेल असे मला कित्येक वर्षे वाटायचे. ते आले आपल्या मराठी माणसावरून, सुमंत मूळगावकरांवरून. मराठीत लिहिले तर 'सुमू' व्हायला हवे, पण इंग्रजी स्पेलिंगमधला 'मो' घेतला आणि बरे झाले! १९०६ साली जन्मलेले हे इंजिनिअर १९४९ मध्ये टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये आले. कंपनी १९४५ साली निघाली ती रेल्वेची इंजिने करायला. ट्रक आले १९५४ पासून, जर्मनीच्या डेम्लर-बेंझच्या मदतीने. तो करार १९६९ मध्ये संपला आणि पुढचे ट्रक आपल्या बळावर करायचे होते. पुण्याच्या कारखान्याची उभारणी मूळगावकरांची. तिथल्या माळावर त्यांनी झाडे लावून घेतली, तळे करवले. १९८९ मध्ये ते गेले. सुमो रस्त्यावर आली १९९४ साली, म्हणजे स्वतःच्या नावाची गाडी त्यांनी पाहिलीच नाही.

आणि ती खरे तर कार नव्हतीच. १९८८ साली निघालेल्या टाटामोबाइल पिकअपची चॅसी, १,९४८ सीसीचे डिझेल इंजिन आणि वर दहा माणसांचे खोके. मागे समोरासमोर दोन बाके. शहरातल्या लोकांनी नाके मुरडली असतील, पण सासू, दोन जावा, पोरे आणि लाडूंचे डबे एका खेपेत नेणारी दुसरी गाडी तेव्हा आपल्या ऐपतीत कुठली होती?

हीच ट्रकची जात माझ्या कामी आली. आपल्याकडे राइस मिलमुळे टाटाचे ट्रक दारोदार. इथले मिस्त्री त्यांच्यावरच हात बसवून शिकलेले. नव्या गाडीला लॅपटॉप लावल्याशिवाय रोग कळत नाही. आमचे मिस्त्रीदादा रेडिएटरची टोपी उघडून, धुराचा रंग बघून सांगतात. म्हणाले, "इंजिन मरत नाही काकू, पत्रा मरतो."

तेच खरे निघाले. पायाखालचा पत्रा इतका गंजला होता की मॅट उचलल्यावर जमीन दिसली. पण कटर लावायच्या आधी मागच्या बाकात उंदराचे घरटे सापडले, लालबुंद पिल्लांसकट. मिस्त्रीदादा झाडू घेऊन निघाले, मी आडवी झाले. पिल्ले मोठी होऊन आपापली निघून जाईपर्यंत काम थांबले. त्यात काही आठवडे गेले आणि मुलाने माझी पुरेपूर चेष्टा केली. मला घाई होती ती वेगळ्याच कारणाने. चातुर्मासाच्या आत वेल्डिंग उरकायचे होते, पाऊस लागला की कापलेला पत्रा पुन्हा गंजतो.

पत्रा आणि वेल्डिंगला १७ हजार. पंप-नोझल काढून तपासून बसवायला १४. क्लच, ब्रेक आणि मागच्या पाट्यांचे बुश मिळून ९. टायर चारही जुनेच घेतले, निम्म्या झिजीचे, १० हजारांत. बॅटरी साडेपाच. सीटना रेग्झिन माझ्याच पसंतीचे, साडेसहा. शिवणाऱ्याने गिअरच्या दांड्याला चामड्याची टोपी दाखवली, ती मी हात न लावता परत केली.

इतका हिशेब जमला आणि मग आरटीओचा कागद आला. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. आमची २०२१ च्या एप्रिलातच संपलेली. नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाले होते आणि उशिराबद्दल महिन्याला ५०० रुपये वेगळे. दोन वर्षांचे १२ हजार! घरात गाडी उभी असेल त्या सख्यांनी आजच आरसी बुकावरची तारीख बघा. गाडी चालवा की झाकून ठेवा, महिने मोजले जातातच.

डब्यात एक हजार उरले. विमा, पर्यावरण कर, रंग, सगळे बाकी. त्या रात्री मी चावी टेबलावर ठेवली आणि झोपले. सकाळी चावी जागेवर नव्हती. संध्याकाळी मुलगा विम्याचा आणि कराचा कागद माझ्यापुढे ठेवून जेवायला बसला. बोलला काहीच नाही. मीही भाजी वाढली.

आता विहारातल्या संघामागे चौका लावायला जायचे असले की भांडी, शेगडी, दळलेले पीठ आणि आम्ही सगळ्या हिच्यातूनच निघतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये डोंगरगडला आचार्य विद्यासागरजी महाराजांची समाधी झाली, तेव्हा चालवणारा मुलगा धरून आम्ही दहा जण चंद्रगिरीला गेलो. मागच्या बाकावर जाऊबाईंचे गुडघे समोरच्या मावशींच्या गुडघ्यांना लागत होते. रंगाचे पैसे अजून जमलेले नाहीत, उजव्या दारावर प्रायमरचा करडा पट्टा तसाच आहे.