पायरहाट, पायचक्की आणि पट्टा

ट्रेडमिल या शब्दाचा सरळ अर्थ पायांनी चालवायची गिरणी. आज व्यायामशाळेत आणि आता खेड्यापाड्यांतल्या घरांतही जे यंत्र दिसते, त्यावर धान्याचा एक दाणा दळला जात नाही. तरी नाव मात्र गिरणीचे ते गिरणीचेच राहिले. या नावाचा माग काढीत गेले की माणूस थेट एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या तुरुंगात जाऊन पोहोचतो.

१८१८ साली विल्यम क्यूबिट नावाच्या इंग्रज अभियंत्याने कैद्यांसाठी एक चाक तयार केले. बरी सेंट एडमंड्सच्या तुरुंगात रिकामे बसलेले कैदी पाहून त्याला ही कल्पना सुचली, अशी हकीकत सांगतात. चाक म्हणजे एक लांबच लांब लाकडी पिंप, आडव्या आसावर फिरणारे, आणि त्याच्या अंगावर पायऱ्या. कैद्यांनी ओळीने उभे राहायचे, डोक्याच्या उंचीवरच्या आडव्या दांड्याला धरायचे आणि चढत राहायचे. पायरी पायाखालून खाली जाते, वरून दुसरी येते. चढणारा तसूभरही वर जात नाही. १८२१ साली लंडनजवळच्या ब्रिक्स्टन तुरुंगात असे मोठे चाक बसले आणि तिथे निदान पीठ तरी दळले जाई. उन्हाळ्यात दिवसाचे दहा तास हे चढणे चाले. पुढे बऱ्याच तुरुंगांत चाकाला गिरणी जोडलेलीच नव्हती. नुसती पंख्याची पाती हवेत फिरत. कैदी त्याला ‘वारा दळणे’ म्हणत. १८६५ च्या कायद्याने सक्तमजुरीच्या शिक्षेत या चाकाला मानाचे स्थान दिले. ऑस्कर वाइल्डसारख्या साहित्यिकालाही १८९५ साली पेंटनव्हिलच्या तुरुंगात त्यावर चढावे लागले. १८९८ च्या तुरुंग कायद्यानंतर मात्र हे प्रकरण आवरत गेले आणि विसाव्या शतकाच्या तोंडाशी ते बंद पडले. आपल्या वाचकांना अंदमानातला कोलू ठाऊक आहे. दिवसाला तीस पौंड तेल गाळण्याची सावरकरांची हकीकत ‘माझी जन्मठेप’मध्ये आपण वाचलेली आहे. कोलूतून तेल तरी निघे. पायचक्कीतून बहुतेक ठिकाणी काहीच निघत नसे, आणि शिक्षा नेमकी तीच होती.

आमच्या भागात पाय चालवून काही निघत नाही, ही कल्पनाच कोणाला पटली नसती. कोकणात पायरहाट होता. विहिरीवरच्या रहाटाच्या दांड्या बसल्या जागेवरून पायांनी ओढायच्या. पाणी वर येई आणि पाटातून माडापोफळींच्या मुळांशी जाई. यंत्र म्हणून पाहिले तर क्यूबिटचे चाक आणि आपला पायरहाट ही जवळची भावंडे. गोव्यात भाताची मळणीही पायांनीच होई. आडवा बांबू बांधायचा, त्याला दोन्ही हातांनी धरायचे आणि पायांखाली पेंढ्या तुडवायच्या. आज ट्रेडमिलच्या पुढच्या दांड्याला धरलेला माणूस पाहिला की मला हटकून तो बांबू आठवतो. काजूच्या हंगामात बोंडे तुडवायची तीही पायांनी. ज्या खडकातल्या कुंडात ती तुडवतात त्याला गोव्यात कोळंबी म्हणतात. (मासळीच्या वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये!) तिथून नीरो निघतो, पुढे हुर्राक, त्यापुढे फेणी.

चालण्याचेही तसेच. १७८८ साली पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला, मध्ये सरहद्द आली. पण सोयरीक, जत्रा, बाजार हे सारे पायांनी त्या सरहद्दीवरून जात-येत राहिले. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर सरहद्दीवरचा पहारा गेला. पार्से गावातून आगरवाडा, चोपडे करीत नदीच्या काठापर्यंत चालायचे आणि होडीने शिवोलीला उतरायचे, ही जुन्या माणसांची नित्याची वाट होती. कोणी तिला व्यायाम म्हणत नसे.

मग ही शिक्षेची वस्तू औषधाच्या कपाटात कशी आली? याची सुरुवात तुरुंगातच झाली, हे मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते. १८५० नंतरच्या दशकात एडवर्ड स्मिथ नावाच्या डॉक्टराने लंडनच्या कोल्डबाथ फील्ड्स तुरुंगातल्या पायचक्कीवर श्वासाचे मोजमाप केले. कैद्यांचे तर केलेच, शिवाय हा गृहस्थ स्वतः चाकावर चढला. तोंडाला उपकरण लावून आत जाणारी हवा आणि बाहेर येणारा कार्बनी वायू त्याने मोजला आणि मेहनतीत हे प्रमाण विश्रांतीच्या कित्येक पट होते, हे आकड्यांत मांडले. राबणाऱ्या शरीराच्या आतला हिशेब असा पहिल्यांदा नीट मांडला गेला. १८८९ मध्ये जर्मनीत नाथान त्सुंट्सने फिरत्या पट्ट्याचे यंत्र बनवून त्यावर घोडे चालवले. १९२७ साली हार्वर्ड विद्यापीठात थकव्याचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा निघाली. तिथे पट्ट्यावर माणसे धावू लागली. आणि १९६३ मध्ये सिॲटलच्या रॉबर्ट ब्रूस या हृदयरोगतज्ज्ञाने आपली प्रसिद्ध चढती पायरी ठरवून दिली.

ब्रूसची पायरी म्हणजे काय, हे ज्याच्या छातीला तारा चिकटल्या आहेत त्याला विचारावे. पहिली तीन मिनिटे ताशी २.७ किलोमीटर वेग आणि दहा टक्के चढ. पुढली तीन ४ किलोमीटर आणि बारा टक्के. मग ५.५ आणि चौदा. मग ६.८ आणि सोळा. दर तीन मिनिटांनी पट्टा कुरकुरतो, नाक वर करतो आणि पळू लागतो. ब्रूसपूर्वी हृदयाचा आलेख काढायचा तो बहुधा निजलेल्या माणसाचा. निजलेले हृदय आपले दुखणे सांगत नाही. त्याला डोंगर चढायला लावले की बोलते. तीन वर्षांपूर्वी माझ्या धमनीत जाळी बसवली, तेव्हापासून दर वर्षी मी ही परीक्षा देतो. गेल्या वर्षी चौथ्या टप्प्यात शिरलो होतो. यंदा तिसऱ्या टप्प्याच्या दुसऱ्या मिनिटाला हात वर केला. मध्ये शिमग्यानंतर आलेला ताप आणि त्यामागून आलेली सांधेदुखी यांनी माझा रोजचा पट्टा तीन महिने बंद ठेवला होता. आलेखात अडथळ्याची खूण नव्हती. ‘दम गेलाय, तो परत आणा,’ एवढेच डॉक्टर म्हणाले.

धावायला यंत्र कशाला, असे मला गावात विचारतात. प्रश्न रास्त आहे. आपल्या सीमाभागातला बेळगावचा फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानातून आणि दोराबजी टाटांच्या पुढाकारातून ते पथक गेले होते. ४२.७५ किलोमीटरचे अंतर त्याने दोन तास पन्नास मिनिटांत कापले आणि एकोणिसावा आला. त्या काळात विजेच्या पट्ट्यावर तयारी करण्याची कल्पनाही आपल्याकडे कोणाच्या स्वप्नात नव्हती. पण माझ्या वयाला, जाळीला आणि पार्शाच्या पावसाला चौगुल्यांचा दाखला लागू पडत नाही. जूनपासून चार महिने रस्त्याकडेचा जांभा शेवाळतो. उरलेल्या महिन्यांत मोटारी. मोप्याचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि पेडणे तालुक्यातल्या रस्त्यांची घाई वाढली. पहाटेच्या अंधारात कडेने पळणाऱ्या म्हाताऱ्याला त्या घाईत जागा नाही. म्हणून पडवीत पट्टा. विल्यम स्टॉब या अमेरिकन अभियंत्याने १९६८ साली केनेथ कूपरचे ‘एरोबिक्स’ वाचून घरात मावेल असे स्वस्त यंत्र करायला घेतले, त्याच घराण्यातले हे यंत्र. तीन महिन्यांत त्याच्यावर घरच्यांनी गोधड्या वाळत घातल्या होत्या. पावसाळ्यात याहून चांगली दांडी मिळत नाही, हे मलाही मान्य आहे.

परत सुरू करताना मला आधार दिला तो एका जुन्या प्रयोगाने. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे पाच तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर निजवून ठेवले. विशीतली धडधाकट पोरे. उठली तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती पावपटीहून अधिक घटली होती. दोन महिन्यांच्या व्यायामाने ती परत आली. खरी गंमत पुढे आहे. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाचांना पुन्हा गाठले. पन्नाशीतले, अंगाने सुटलेले गृहस्थ. तीस वर्षांच्या वयाने त्यांचे जेवढे नुकसान केले होते, त्याहून त्या तीन आठवड्यांच्या निजण्याने जास्त केले होते! मग सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम झाला, आणि तीस वर्षांत गमावलेली शक्ती त्यांनी भरून काढली. विशीतले तारुण्य मात्र दोन महिन्यांत भरून आले होते, पन्नाशीला सहा लागले. हा फरक मी कागदावर लिहून पट्ट्याच्या समोरच्या भिंतीला चिकटवला आहे.

घट कशी होते, तेही कळून घेतले. बसल्यावर काही दिवसांतच रक्तातले पाणी कमी होते, हृदयाच्या एका ठोक्यात जाणारे रक्त घटते. म्हणून पहिल्या दिवशी जिना चढताना छाती धपापते. स्नायूंच्या आतली प्राणवायू वापरणारी यंत्रणा सावकाश मंदावते. परतताना रक्त लवकर भरते, दम लवकर येतो, आणि तिथेच धोका. दम आला म्हणून माणूस वेग वाढवतो, पण घोट्यामागची शीर आणि गुडघ्याचे सांधे मागेच राहिलेले असतात. पुनरागमनात मोडतात ती माणसे बहुधा छातीने मोडत नाहीत, पायांनी मोडतात.

म्हणून मी आषाढात चालण्यापासून धरले. ताशी ४ किलोमीटर, वीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. पहिले दोन आठवडे धावणे वर्ज्य. तिसऱ्या आठवड्यापासून एक मिनिट ६.५ ने धावायचे, दोन मिनिटे चालायचे. धावताना शेजाऱ्याशी दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत, ही डॉक्टरांची अट. पट्ट्याला एक टक्का चढ देतो. घरात समोरून वारा कापावा लागत नाही, त्याची भरपाई तेवढ्याने होते. वेळ ठरलेली, पहाटे साडेपाच, पेजेच्या आधी. चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरले, पडवीत माणसे निजली, पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी मी एक आठवडा मागे जाऊन सुरुवात केली. वेळापत्रकात अशा मागे जाण्याची जागा सुरुवातीलाच राखून ठेवली होती.

आज सलग बारा मिनिटे ताशी ७ ने जमते. गेल्या वर्षी पंचवीस जमत होती, आठच्या वेगाने. पुढली परीक्षा फाल्गुनात आहे. परवा नवव्या मिनिटाला लाईट गेली. पट्टा थांबला, आकडे विझले, पावसाचा आवाज एकदम मोठा झाला. तीन मिनिटे उरली होती. दांडा दोन्ही हातांनी धरला आणि जागच्या जागी पाय उचलत राहिलो.