लायगो-इंडिया (औंढा नागनाथ) आणि अमेरिकेतील सत्तांतरे

लायगो-इंडिया ही हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळा गावाच्या शिवारात आकाराला येणारी गुरुत्वीय लहरींची वेधशाळा. भारताचा अणुऊर्जा विभाग, विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि अमेरिकेचे नॅशनल सायन्स फाउंडेशन यांचा हा संयुक्त प्रकल्प. व्हाइट हाउसमध्ये नवा राष्ट्राध्यक्ष आला की त्याच्या टेबलावर तूट, कर, चीन, रशिया, स्थलांतर अशा फायलींचा ढीग असतो. त्या ढिगात औंढ्याचे नाव शोधून सापडणार नाही. पण घरातला खर्च कुठे कापायचा आणि मित्रदेशांशी कसे वागायचे, या दोन प्रश्नांवर नवे प्रशासन जे ठरवते, त्याचे पडसाद या माळरानापर्यंत येतात.

औंढा महाराष्ट्राला माहीत आहे ते नागनाथामुळे. येथील ज्योतिर्लिंगाचे मंदिर कोरीवकामासाठी प्रसिद्ध आहे आणि त्याचा नंदी नेहमीप्रमाणे समोर नसून मागच्या बाजूला आहे. नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे पिटाळले तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा इथे सांगितली जाते. नामदेवांचे नर्सी गाव याच जिल्ह्यात. सत्ता फिरली की धोरणही फिरते, याचे वॉशिंग्टनला जेवढे अप्रूप वाटते तेवढे औंढेकरांना वाटायचे कारण नाही.

वेधशाळेचे तत्त्व सांगायला सोपे, करायला महाकठीण. काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्यांतून लेसरचा किरण आरशांवर जातो-येतो. गुरुत्वीय लहर गेली की दोन्ही बाहूंच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाहूनही हजारो पटींनी कमी असा फरक पडतो, आणि तो मोजायचा असतो. अमेरिकेत अशी दोन यंत्रे आहेत : वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड आणि लुइझियानातील लिव्हिंग्स्टन. १४ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांनी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दोन कृष्णविवरांच्या मिलनाची लहर पहिल्यांदा टिपली. ती लिव्हिंग्स्टनला आधी आणि सुमारे सात सहस्रांश सेकंदांनी हॅनफर्डला पोचली. लहर कुठून आली हे ठरवायला पोचण्याच्या वेळेतला हा फरकच कामी येतो. दोन यंत्रांनी आकाशाचा एक लांबोळका पट्टा मिळतो. तिसरे, चौथे यंत्र दूरवर असेल तर तो आक्रसत जातो. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर नेमकी कोणत्या दीर्घिकेत झाली हे दुर्बिणींना शोधता आले, त्यात इटलीतील व्हर्गो या तिसऱ्या यंत्राचा मोठा वाटा होता. औंढा हवे ते याचसाठी. जागा निवडताना जमिनीची रोजची कुजबुज, म्हणजे मालमोटारी, रेल्वे, कारखाने यांची थरथर, किती कमी आहे ते पाहिले गेले. मार्च २०२४ मध्ये हिंगोली परिसराला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा साहजिकच चर्चा झाली. मात्र अशा यंत्राला क्वचित येणाऱ्या धक्क्यापेक्षा रात्रंदिवस चालणारी घरघर जास्त छळते.

हे यंत्र मुळात भारतासाठी नव्हते. हॅनफर्डला एकाच आवारात दोन यंत्रे बसवण्याचा बेत होता. त्यातले एक ऑस्ट्रेलियाला द्यायचे ठरत होते, परंतु २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाने खर्चापायी माघार घेतली. पुण्यातील आयुका या संशोधन संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून गोंगाटातून लहरींचा माग काढण्याच्या गणिती पद्धतींवर काम करत होते, आणि २००९ पासून भारतीय शास्त्रज्ञांचा इंडिगो हा गटही उभा होता. त्यामुळे हात पुढे करण्याची तयारी आपल्याकडे होती. ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स बोर्डाने यंत्र भारतात हलवायला मान्यता दिली. १७ फेब्रुवारी २०१६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः होकार दिला आणि ३१ मार्चला वॉशिंग्टनमध्ये पंतप्रधान मोदी यांच्या उपस्थितीत सामंजस्य करार झाला. पुढे सात वर्षे कागद फिरत राहिले. ६ एप्रिल २०२३ रोजी २,६०० कोटी रुपयांना अंतिम मंजुरी मिळाली. अमेरिकेचा वाटा पैशांत नाही, सामानात आहे : सुमारे ८ कोटी डॉलर किमतीचे आरसे, लेसर, नियंत्रणाची उपकरणे. इमारत, निर्वात नळ्या आणि माणसे भारताची. आयुकासोबत इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यांच्यावर ही जबाबदारी आहे.

करार झाला तेव्हा ओबामा अध्यक्ष होते. मग ट्रम्प आले, मग बायडेन, आणि २० जानेवारी २०२५ रोजी पुन्हा ट्रम्प. करार मात्र तोच राहिला. कारण तो संस्थांमधला आहे आणि संस्थांची तिजोरी राष्ट्राध्यक्षाच्या हाती नसते. अमेरिकी राज्यघटनेने खर्चाचा अधिकार काँग्रेसला दिला आहे. अध्यक्ष पाठवतो ती फक्त मागणी. ट्रम्प यांच्या पहिल्या अंदाजपत्रकात सायन्स फाउंडेशनला सुमारे ११ टक्के कात्री सुचवली होती. काँग्रेसने उलट रक्कम वाढवली. त्याच काळात, ऑक्टोबर २०१७ मध्ये, रायनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना लायगोसाठी नोबेल मिळाले.

दुसऱ्या खेपेची कात्री वेगळ्याच मापाची होती. मे २०२५ मध्ये मांडलेल्या मागणीत फाउंडेशनची सुमारे ९ अब्ज डॉलरची तरतूद ३.९ अब्जांवर आणायची होती. लायगोसाठीचे सुमारे ४.८ कोटी डॉलर २.९ कोटींवर यायचे होते आणि दोनपैकी एक केंद्र बंद करायचे होते. त्याआधीच, एप्रिलमध्ये, फाउंडेशनचे संचालक सेतुरामन पंचनाथन यांनी राजीनामा दिला होता. जुलैमध्ये सिनेटच्या समितीने ९ अब्ज आणि प्रतिनिधिगृहाच्या समितीने ७ अब्ज डॉलरचा आकडा धरला, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्याच सभासदांनी मागणी बाजूला सारली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खर्चाच्या वादातून अमेरिकेच्या केंद्र सरकारचे काम ४३ दिवस ठप्प झाले, तो त्या देशातला तोवरचा विक्रमच. एवढ्या गदारोळात लायगोच्या चमूने सप्टेंबरमध्ये एका अत्यंत स्पष्ट लहरीच्या आधारे हॉकिंग यांचा कृष्णविवरांच्या क्षेत्रफळाचा सिद्धांत पडताळून दाखवला होता.

औंढ्याच्या दृष्टीने एक बारकावा महत्त्वाचा. भारताला द्यायचे सुटे भाग आधीच तयार होऊन हॅनफर्डला जपून ठेवलेले. त्यामुळे कात्री चालली तरी यंत्र नाहीसे होत नाही. नाहीशी होतील ती जोडीदार यंत्रे आणि ती चालवणारी हाताला सराव असलेली माणसे. एकट्या वेधशाळेला लहर ऐकू येते, पण ती कुठून आली ते सांगता येत नाही. एक अमेरिकी केंद्र मिटले आणि औंढ्याचे सुरू झाले, तर भारत जाळ्यातला जादा धागा न राहता तुटलेल्या धाग्याची गाठ ठरेल.

अशा भागीदारीचा कडू अनुभव याच अणुऊर्जा विभागाने महाराष्ट्रातच घेतला आहे. तारापूरच्या अणुभट्ट्यांसाठी १९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला; १९६९ मध्ये वीज सुरू झाली; समृद्ध युरेनियम तीस वर्षे मिळणार होते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर हवा बदलली आणि कार्टर प्रशासनाच्या काळात १९७८ मध्ये आलेल्या अण्वस्त्रप्रसारविरोधी कायद्याने पुरवठ्याला खीळ बसली. १९८० मध्ये ३८ टन इंधन पाठवण्याचा प्रश्न सिनेटमध्ये अवघ्या दोन मतांनी, ४८ विरुद्ध ४६ असा, सुटला. शेवटी रेगन यांच्या कारकिर्दीत १९८२ मध्ये फ्रान्सने इंधन द्यावे असा तोडगा निघाला. तारापूरला इंधन सतत लागत होते, औंढ्याला यंत्र एकदाच आणायचे आहे. फरक आहे तो एवढाच, पण थोडाथोडका नाही.

अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाची झळ औंढा तालुक्याला वेधशाळेच्या आधी शेतातून लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क, रशियन तेलाच्या खरेदीचे कारण देत, ५० टक्क्यांवर नेले. कापड उद्योगाला दिलासा म्हणून केंद्राने त्याच महिन्यात कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले, ते आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि नंतर वर्षाअखेरपर्यंत. मराठवाड्यात नवा कापूस बाजारात यायची वेळ तीच. अमेरिकेच्या सोयाबीनला भारताची दारे उघडण्याचा आग्रह व्यापार वाटाघाटींत होताच, आणि सोयाबीन हे हिंगोलीचे हुकमी पीक.

लायगो-इंडिया २०३० पर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट मंजुरीच्या वेळी ठरले. अमेरिकेचे पुढचे राष्ट्राध्यक्ष २० जानेवारी २०२९ रोजी शपथ घेतील.