पलंगपोस

'पलंगपोस' हा शब्द शेवटचा कधी ऐकलात? आमच्याकडे आजीनंतर तो कुणाच्याच तोंडी राहिला नाही. आता सगळीकडे बेडशीट, नाहीतर बेडकव्हर. शब्द मूळचा फारसी, पलंगावर घालायचं ते पलंगपोस, इतकं साधं. पण गंमत अशी की हाच शब्द इंग्रजांनीही उचलला, त्याचं 'पॅलमपोर' केलं, आणि त्या नावाचं कापड आपल्या झोपण्याच्या खोलीत असावं म्हणून तिकडच्या बायका शंभरेक वर्षं जीव टाकत होत्या. कायदा मोडूनसुद्धा.

मी पुण्यात ऑर्डरप्रमाणे पडदे शिवते. पडदे, अभ्रे, दिवाणाच्या खोळी, खिडकीतल्या बैठकीच्या गाद्या, जे येईल ते. गिऱ्हाईक येतं, मोबाइलवर फोटो दाखवतं आणि म्हणतं, "ताई, असं इंग्लिश फ्लोरल हवंय." पांढरी जमीन, तिच्यावर वळणं घेत चढणारी वेल, मोठाली गुलाबी-निळी फुलं, एखादा पक्षी. मी मान डोलावते आणि टेप काढते. (माप घेताना इतिहास सांगत बसलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं!) म्हणून तो इथे लिहिते आहे. नात्यातल्या ज्या मंडळींना हे जेवणाच्या ताटावर ऐकवून झालंय, त्यांनी खुशाल थोडं खाली उतरावं.

तर, इंग्लंडमध्ये तेव्हा श्रीमंतांचा पलंग म्हणजे चार खांब, वर छत आणि चारही बाजूंना पडदे. थंडी आत येऊ नये म्हणून. हे पडदे बहुतेक लोकरी, जड, भरतकाम केलेले. धुवायची सोय नाही. अशा घरात सतराव्या शतकात आपल्याकडचं रंगवलेलं सुती कापड पोचलं. हलकं, सुळसुळीत, आणि मुख्य म्हणजे धुतलं तरी रंग तसाच. सुतावर असा पक्का रंग ही युरोपला ठाऊक नसलेली चैन होती. सॅम्युएल पीप्स नावाच्या लंडनच्या सरकारी अधिकाऱ्याची रोजनिशी प्रसिद्ध आहे. १६६३च्या सप्टेंबरात त्याने नोंदवून ठेवलंय की बायकोच्या नव्या खोलीच्या भिंतींना लावायला त्याने हिंदुस्थानी छींट आणली. छींट, म्हणजे आपलं चीट. जुन्या बायका चिटाचा परकर म्हणायच्या ना, तेच. त्याचंच इंग्रजीत 'चिंट्झ' झालं.

आता हे कापड व्हायचं कसं, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. उत्तम चीट यायचं ते कोरोमंडलच्या किनाऱ्यावरून, मछलीपट्टणच्या आसपासच्या गावांतून. आधी कापड धुऊन, उन्हात पांढरं करून हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवायचं. दुधातल्या स्निग्धतेमुळे पुढे रंग फुटत नाही, रेघ रेघच राहते. मग कागदावरच्या नक्षीला बारीक भोकं पाडून त्यातून कोळशाची पूड कापडावर आपटायची. (आपण रांगोळीच्या छाप्याने करतो तेच!) त्या ठिपक्यांवरून बांबूच्या कलमाने रेघा. काळ्यासाठी लोखंडाचं पाणी, लालासाठी तुरटी. तुरटीचा भाग दिसतही नाही, पण चाय नावाच्या झुडपाच्या मुळांबरोबर उकळलं की नेमका तेवढाच भाग लाल होतो. निळ्यासाठी उलटा प्रकार: जिथे निळं नको तिथे सगळीकडे मेण लावायचं आणि कापड निळीच्या रांजणात बुडवायचं. पिवळा सगळ्यात शेवटी, हाताने. पानं हिरवी करायची तर निळ्यावर पिवळा. हा पिवळा तेवढा कच्चा असायचा, म्हणून आज जुनं चीट पाहिलं तर पानं निळी दिसतात. फोटो बघून लोकांना वाटतं काय कल्पकता, निळी पानं! कल्पकता कसली, पिवळा उडून गेलाय.

हे काम किती दिवसांचं असेल याचा विचार करा. विणणारा वेगळा, धुणारा वेगळा, रंगवणारा वेगळा. मध्ये दलाल, आणि दलालाकडून आगाऊ उचल, म्हणजे दादनी. उचल घेतली की माणूस बांधला गेला. यातल्या एकाचंही नाव मला कुठल्या पलंगपोसाच्या माहितीत सापडलेलं नाही. लंडनच्या खरेदीदारांची नावं मात्र पत्त्यासकट मिळतात.

आणि आता माझा आवडता तुकडा. १६४३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या संचालकांनी सुरतेच्या वखारीला एक पत्र पाठवलं. म्हणणं असं की तुमच्या रजया उदास तांबड्या जमिनीच्या येतात, त्या सगळ्यांना पसंत पडत नाहीत. यापुढे पांढरी जमीन जास्त ठेवा आणि फुलं-फांद्या मध्यावर रंगात काढा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसले. शब्द सोडले तर माझ्या मोबाइलवर रोज येणारा मेसेज आहे हा. "ताई, मरून नको, डल दिसतं, व्हाइट बेस बघा ना."

म्हणजे ती पांढरी जमीन गिऱ्हाइकाच्या मागणीवरून पसरली. पुढे तर लंडनहून नमुने यायला लागले. पलंगपोसावरचं ते सुप्रसिद्ध फुललेलं झाड, खडकावर उभं, एकाच खोडावर दहा जातींची फुलं, त्यात इराणी चित्रांचं काही आहे, चिनी काही आहे, इंग्रजी लोकरी भरतकामातलंही आहे. रंगवणाऱ्याने कधी न पाहिलेली फुलं त्याने आपल्या हाताच्या वळणाने काढली आणि ती लंडनला 'अस्सल हिंदुस्थानी' म्हणून विकली गेली. त्यामुळे "हे सगळं मूळचं आपलंच, त्यांनी चोरलं" असा फॉरवर्ड आला की मला जरा अवघडल्यासारखं होतं. नक्षी कुणा एकाची नव्हतीच. रंग पक्का करण्याची विद्या मात्र नक्की इथली होती, आणि ती नेलीही गेली. १७४२ साली पाँडिचेरीकडच्या कर्दू नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने ख्रिस्ती झालेल्या रंगाऱ्यांकडून पायरीपायरीने सगळी कृती काढून घेतली आणि पत्रात लिहून फ्रान्सला पाठवली. ते पत्र छापलंही गेलं.

शिवणारीच्या नजरेने बघाल तर पलंगपोस ही मोठी अडचणीची वस्तू आहे. ठाणातलं कापड असतं तर नक्षी ठरावीक अंतराने परत येते, आपण जुळवून कापतो. इथे अख्खं कापड म्हणजे एकच चित्र. बुंधा खाली, शेंडा वर, चहूबाजूंनी काठ. याचा पडदा करायचा आणि चुण्या घालायच्या तर झाडच घडीत जातं. खुर्चीला लावायचं तर फूल नेमकं बैठकीच्या मध्यावर यायला हवं. कात्री कुठे चालवायची? माझा तर हात थरथरला असता.

इकडे विलायतेत लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांच्या पोटावर पाय येत होता, हेही खरंच. रॉबिन्सन क्रूसो लिहिणाऱ्या डॅनियल डिफोने १७०८ मध्ये तक्रार केली की हे कापड आपल्या घरात शिरलं, पडद्यांत, उशांत, खुर्च्यांत आणि शेवटी पलंगावरही पोचलं. तोवर फ्रान्सने १६८६ मध्ये बंदी घातलेली होती, ती १७५९ पर्यंत चालली. इंग्लंडने १७०० साली कायदा करून परदेशी रंगीत चीट वापरायला मनाई केली. तरी मिटेना, कारण कोरं कापड आणून लंडनमध्ये छापायला मोकळीक होती. १७१९ मध्ये स्पिटलफील्ड्सचे विणकर रस्त्यावर उतरले, चिटाचे कपडे घातलेल्या बायकांना गाठून त्यांचे कपडे फाडले, त्यांच्यावर शाई आणि तेजाब फेकलं. मग १७२१चा दुसरा, अधिक कडक कायदा आला. त्यात अंगावरच्या कपड्यांबरोबर पलंग, खुर्ची, उशी आणि खिडकीचा पडदा असं घरातलं सामान नाव घेऊन लिहिलंय. पार्लमेंटच्या कायद्यात खिडकीचा पडदा! आमच्या धंद्याला इतका मान पुन्हा कधी मिळाला नसेल.

यात सापडलं कोण, तर डेव्हिड गॅरिक, त्या काळचा इंग्लंडचा सगळ्यात मोठा नट. कलकत्त्यातल्या इंग्रजांच्या नाटकघराला त्याने मदत केली होती, त्याची परतफेड म्हणून तिकडच्या मंडळींनी त्याच्या बायकोला पलंगाच्या पडद्यांसाठी चीट पाठवलं. थेम्सकाठच्या हॅम्प्टनच्या बंगल्यासाठी. कस्टमवाल्यांनी ते जप्त केलं. १७७५ मध्ये गॅरिकने खजिना खात्यातल्या ओळखीच्या साहेबाला पत्र लिहिलं: बायको फार कष्टी आहे हो, खोलीचा भिंतीचा कागद, खुर्च्या, सगळं तिने या कापडाला साजेसं करून ठेवलंय. हे वाचून मला त्या इव्हा मारियाबद्दल एकदम जवळीक वाटली. रंग जुळवून सगळी खोली तयार, आणि पडद्याचं कापड सरकारी गोदामात! शेवटी ते परत मिळालं. पलंग आणि त्याचं कापड आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. मी फोटो मोठा करकरून पाहिलाय.

पण त्याच सुमाराला गोष्ट फिरली होती. १७७४ मध्ये, आर्कराइटच्या खटपटीने, इंग्लंडमध्येच बनलेल्या छापील सुती कापडावरची बंदी उठली. बाहेरच्यावरची राहिली. १७८३ मध्ये थॉमस बेलने रुळाने छापण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. महिन्यांचं काम तासांवर आलं. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरची चिटं जहाजं भरभरून उलट इकडे आली आणि आपल्या आज्यांच्या परकरांचं कापड झाली. चीट इतकं स्वस्त झालं की इंग्रजीत 'चिंट्झी' म्हणजे हलक्या अभिरुचीचं असा अर्थ रुळला. १९९६ मध्ये आयकियाने तर ब्रिटनमध्ये जाहिरातच केली, घरातली चिटं फेकून द्या म्हणून.

दक्षिणेत आपल्या मराठ्यांचाही यात एक कोपरा आहे. तंजावरच्या भोसल्यांसाठी कोडालीकरुप्पूर गावात खास साड्या व्हायच्या, जरीचं विणकाम आणि त्यावर मेण लावून केलेली रंगाई. एकोणिसाव्या शतकात राज्य गेलं, गिऱ्हाईक गेलं आणि ती विद्याही विझली. मछलीपट्टणच्या बाजूला, पेडणाला, ठशांची कलमकारी चालू आहे. श्रीकालहस्तीची हाताची कलमकारी १९५०च्या दशकात कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या प्रयत्नांनी पुन्हा उभी राहिली.

पेडणाचं कापड मी अधूनमधून आणते. हाताने ठसे मारलेले असतात, त्यामुळे नक्षी परत येण्याचं अंतर प्रत्येक वेळी दोन-चार सूत मागेपुढे. दोन पडद्यांची फुलं शिवणीवर तंतोतंत जुळत नाहीत. गिऱ्हाइकाला मी हे आधीच सांगते. काहीजण नको म्हणतात, काहीजणांना तेच आवडतं. आणि पश्चिमेची खिडकी असेल तर अस्तर दुहेरी लावते, निदान पिवळा तरी चार वर्षं जास्त टिकेल.