'रारंग ढांग' : एक रस्ता आणि त्यावरची दोस्ती

शिरोली एमआयडीसीत कादंबरीवर व्याख्यान म्हटल्यावर कुणीतरी मला आत्ताच विचारलं, "सर, इथं फाउंड्रीवाले बसलेत, साहित्याचं काय सांगणार?" पण आज मी मुद्दाम तुमच्याच धंद्याची कादंबरी घेऊन आलोय. तिचा नायक इंजिनियर आहे. आणि ती लिहिणारा माणूसही कोल्हापूरच्या घरातला.

प्रभाकर पेंढारकर म्हणजे भालजींचे चिरंजीव. जयप्रभा स्टुडिओ तुम्हाला वेगळा सांगायला नको. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये जी जाळपोळ झाली त्यात हा स्टुडिओ जळाला, आणि भालजींनी तो पुन्हा उभा केला. अशा घरातला मुलगा सिनेमात जाणार हे ठरलेलंच. पण प्रभाकररावांचा मोठा काळ गेला फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटांत. माहितीपटवाल्याला सेट लावता येत नाही, जे आहे तिथं जावं लागतं. १९७७ ला आंध्रच्या किनाऱ्यावर वादळ आलं, त्यातून पुढं त्यांची 'चक्रीवादळ' ही कादंबरी आली. आणि १९८१ साली 'रारंग ढांग'.

आता कथेआधी रस्ता बघू, कारण इथं रस्ता हेच मुख्य पात्र आहे. सिमल्याहून सतलजच्या काठाकाठानं शिपकी खिंडीकडं जाणारा हिंदुस्थान-तिबेट रस्ता. डलहौसीच्या काळात, १८५० मध्ये, त्याचं काम सुरू झालं. तेव्हा तो खेचरांचा रस्ता होता. लोकर आणि मीठ त्यावरून यायचं. शंभर वर्षं कुणाला तो रुंद करायची घाई नव्हती. १९५० मध्ये चीनचं सैन्य तिबेटात शिरलं आणि खेचरांची वाट एकदम सरहद्दीची वाट झाली. १९६० मध्ये सीमा सडक संघटना स्थापन झाली. तिच्यावर देखरेख करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष खुद्द पंतप्रधान नेहरू होते, यावरून निकड ओळखा. दोनच वर्षांनी युद्ध झालं.

ढांग म्हणजे उभा कडा. रारंग हे किन्नौरमधलं गाव. अशा कड्यात रस्ता कसा करतात? बाहेरून बांधायला जागाच नसते, म्हणून कड्याच्या पोटातच खाच पाडायची. सुरुंगाची भोकं पाडा, दारू भरा, माणसं मागं घ्या, बार उडवा, ढिगारा दरीत लोटा, की पुन्हा भोकं. डोक्यावर खडक, तीन बाजूंना खडक, चौथ्या बाजूला खाली सतलज. बार उडाल्यावर वरचा कोणता दगड सैल झालाय हे कागदावर दिसत नाही. ते अनुभवी मजुराला कळतं, नाहीतर कळेपर्यंत उशीर झालेला असतो. तुमच्याकडंही वितळलेलं लोखंड ओतताना साचा ओला राहिला तर काय होतं, हे ड्रॉइंगवर कुठं लिहिलेलं असतं?

अशा ठिकाणी येतो लेफ्टनंट विश्वनाथ मेहेंदळे. मुंबईतलं सुरक्षित काम सोडून आलेला, थोडा हट्टी. त्याला भेटतो मिनू खंबाटा, पारशी अधिकारी. या दोघांची दोस्ती कशी जमते ते बघण्यासारखं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच कादंबऱ्यांतली मैत्री शाळेतली, वाड्यातली, कट्ट्यावरची. म्हणजे आधी ओळख आणि मग सहवास. इथं उलटं आहे. एकाच कड्यावर काम करायचं, एकाच तंबूत थंडी काढायची, आणि समोरचा माणूस धोक्याच्या क्षणी काय करील हे ठाऊक असायचं. भावना फारशा बोलून दाखवत नाहीत. फ्रेंच वैमानिक सेंतेक्झुपेरीनं १९३९ च्या आपल्या पुस्तकात टपाल नेणाऱ्या वैमानिकांची अशीच दोस्ती मांडली. त्याचा सहकारी गियोमे अँडीज पर्वतात विमान कोसळल्यावर बर्फातून चालत परत आला होता. दोन्हीकडं साहस हौसेचं नाही, नोकरीचा भाग आहे. ट्रेकिंगवाल्या तरुणांना हे पुस्तक फार आवडतं, त्यांना मी हे आवर्जून सांगतो.

आणि खरा झगडा निसर्गाशी नाहीच. तो आहे मेजर बंबांशी, म्हणजे नियमाशी. इंजिनियर म्हणून विश्वनाथला जे करायला हवं वाटतं आणि लष्करात वरून जो हुकूम येतो, ते जुळत नाही. प्रकरण कोर्ट मार्शलपर्यंत जातं. बंबा खलनायक नाहीत, हे मला मोलाचं वाटतं. रस्ता वेळेत झाला नाही तर सरहद्दीवरच्या जवानाला रसद मिळणार नाही, ही त्यांची बाजू खोटी नाही. पण घाईत झालेल्या रस्त्यावर मजूर मेला तर त्याचा हिशेब कुठल्या रकान्यात मांडायचा? हिमालयात गाडीनं जाताना वळणावळणावर मेलेल्यांच्या नावांच्या पाट्या आणि छोटी स्मारकं दिसतात. गाडी सहसा थांबत नाही तिथं.

खोट काढायची तर कोर्ट मार्शलचा भाग थोडा नाटकासारखा वाटतो. वाद फार नेटके होतात. स्त्रीपात्रंही कड्याच्या मानानं पुसट. पण बार उडण्याआधीची शांतता पेंढारकरांनी जशी पकडलीय, ती कॅमेऱ्यामागं उभं राहिलेल्या माणसालाच जमावी.

मागच्या रांगेतून चिठ्ठी आलीय: "सर, आमच्या शॉपमध्ये असा विश्वनाथ असता तर मालकानं ठेवला असता का?" मालक मंडळी पुढच्या रांगेत बसलीत, माइक त्यांच्याकडं देतो.