गुपित कोणाचे, गुन्हा कोणावर?

महाराष्ट्रात अडीच वर्षांच्या अंतराने दोन पत्रकार परिषदा झाल्या. दोन्हींत सरकारच्या ताब्यातले कागद पत्रकारांसमोर आले. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी तेव्हाचे अपर पोलीस महासंचालक (कायदा व सुव्यवस्था) परमबीर सिंग यांनी भीमा कोरेगाव प्रकरणात जप्त केल्याचे सांगितलेली पत्रे जाहीरपणे वाचून दाखवली. त्या वेळी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होते आणि दोषारोपपत्रही दाखल झालेले नव्हते. दुसरी पत्रकार परिषद २३ मार्च २०२१ ची. विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी राज्य गुप्तवार्ता विभागाच्या तेव्हाच्या प्रमुख रश्मी शुक्ला यांनी लिहिलेल्या गोपनीय पत्राचा हवाला दिला, आपल्याकडे ६.३ जीबी माहिती असल्याचे सांगितले आणि ती घेऊन केंद्रीय गृहसचिवांकडे गेले.

दुसऱ्या प्रसंगात तीन दिवसांत गुन्हा नोंदला गेला. पहिल्यात कोणावरही नाही. दुसऱ्यातला गुन्हाही पुढे सरकार बदलल्यावर विरून गेला. शासकीय गोपनीयतेचा कायदा आपल्या राज्यात नक्की कोणासाठी वापरला जातो, हे या दोन प्रसंगांतून जितके कळते तितके कायद्याच्या पुस्तकातून कळत नाही. आमच्या मते हा कायदा कागदाचे रक्षण करत नाही, खुर्चीचे करतो.

आधी कायद्याचे मूळ पाहू. १८८९ साली इंग्रज सरकारने पहिला ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट आणला. लॉर्ड कर्झनने १९०४ मध्ये तो आणखी कडक केला, वर्तमानपत्रांनाही त्याच्या कचाट्यात घेतले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी तेव्हा कौन्सिलात त्याला विरोध केला होता. आज चालू असलेला कायदा १९२३ चा. त्याचे कलम ५ वाचा. ‘गुप्त’ म्हणजे काय याची व्याख्या त्यात नाही. ज्याच्या हातात शिक्का, तो ठरवील ते गुप्त. स्वातंत्र्य आले, संविधान आले, २००५ मध्ये माहिती अधिकार आला, दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्ये हा कायदा रद्द करा असे सांगितले. कायदा जागेवरच आहे.

आपल्या चळवळीचा या शिक्क्याशी संबंध फार जुना आहे. बाबासाहेबांच्या सभांवर इंग्रजांच्या पोलिसांची नजर असे. किती माणसे जमली, कोण काय बोलले, पुढे काय करायचे ठरले, हे सगळे गोपनीय अहवालांत नोंदले जाई. त्या अहवालांचे पुढे काय झाले? १९८२ मध्ये महाराष्ट्र शासनानेच बाबासाहेब आणि अस्पृश्यांच्या चळवळीविषयीच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात वर्तमानपत्रांतल्या बातम्यांबरोबर पोलिसांच्या गोपनीय सारांशातले उतारेही आहेत. ज्या नोंदी आपल्यावर पाळत ठेवण्यासाठी केल्या, त्याच आज आपल्या इतिहासाची साधने झाल्या आहेत. महाडवर लिहिणारा कोणताही गंभीर अभ्यासक त्यांना टाळून पुढे जाऊ शकत नाही. इथे इचलकरंजीपासून जवळच असलेल्या माणगावच्या मार्च १९२० च्या परिषदेचे ठराव ‘मूकनायक’ने छापले म्हणून आपल्यापर्यंत आले. जे आपण छापले नाही, त्याचा पुरावा बहुतेक वेळा सरकारी कपाटातच असतो. म्हणून सरकारी कपाटाची किल्ली कोणाकडे, हा आपला प्रश्न आहे. वरच्या लोकांचे भांडण म्हणून तो सोडून देता येणार नाही.

आता २०२१ च्या प्रकरणाकडे जरा सविस्तर पाहू, कारण ते बहुतेकांना तुकड्यातुकड्यांत आठवते. ऑगस्ट २०२० मध्ये शुक्ला यांनी पोलीस महासंचालक सुबोध जयस्वाल यांना पत्र लिहिले. पोलिसांच्या बदल्यांमध्ये दलाल काम करत आहेत आणि फोनवरच्या संभाषणांतून हे समोर आले आहे, असा त्याचा आशय होता. जयस्वाल यांनी ते गृह विभागाकडे पाठवले. पुढचे कित्येक महिने त्यावर काही घडल्याचे दिसले नाही. मार्च २०२१ मध्ये परमबीर सिंग यांना मुंबईच्या पोलीस आयुक्तपदावरून हटवले गेले, त्यांनी गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावर महिन्याला १०० कोटींच्या वसुलीचा आरोप करणारे पत्र लिहिले, आणि लगेच फडणवीसांनी ते जुने पत्र बाहेर काढले. मुख्य सचिव सीताराम कुंटे यांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना अहवाल दिला. फोन ऐकण्याची परवानगी दिशाभूल करून घेतली गेली आणि पत्र शुक्ला यांच्याकडूनच फुटले असावे, असे त्यात म्हटले होते. शुक्ला यांचे म्हणणे असे की परवानगी रीतसर होती आणि आपण कर्तव्य करत होतो. २६ मार्चला मुंबईच्या सायबर पोलीस ठाण्यात अज्ञात व्यक्तींविरुद्ध शासकीय गोपनीयतेच्या कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी फडणवीसांच्या घरी जाऊन त्यांचा जबाब घेतला.

याच काळात पुण्यात आणि कुलाब्यात आणखी दोन गुन्हे दाखल झाले. नाना पटोले, संजय राऊत, एकनाथ खडसे अशा नेत्यांचे फोन बेकायदा ऐकल्याचा आरोप त्यांत होता. पटोलेंचा नंबर ‘अमजद खान’ या नावाने टाकला गेल्याचे सांगितले गेले. एखाद्याचा फोन ऐकायचा तर त्याला मुसलमान नाव द्यावे, म्हणजे परवानगीच्या कागदावर सही करणाऱ्याचा हात अडखळत नाही. आरोप खरा असेल, तर ज्यांची नावे खरोखरच अशी आहेत त्यांच्या फोनचे काय होत असेल?

जून २०२२ च्या अखेरीस सरकार पडले. गोपनीय पत्राचे प्रकरण सीबीआयकडे गेले, सीबीआयने ते बंद करण्याचा अहवाल दिला आणि न्यायालयाने तो स्वीकारला. पुण्याच्या गुन्ह्यात पोलिसांनीच सी समरी मागितली. कुलाब्याच्या गुन्ह्यात राज्य सरकारने खटला चालवायला मंजुरी नाकारली. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. जानेवारी २०२४ मध्ये शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. विधानसभा निवडणुकीत निवडणूक आयोगाने त्यांना पदावरून हटवले आणि निकालानंतर त्या परत त्याच खुर्चीत आल्या.

कायद्यापुढे त्या निर्दोष आहेत आणि त्या दोषी होत्या असे आमचे म्हणणे नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. पत्र फोडले कोणी, या प्रश्नाचे उत्तर एका सरकारला हवे होते आणि दुसऱ्याला नको होते. तपास त्या इच्छेप्रमाणे चालला आणि थांबला. महाविकास आघाडीलाही फोन ऐकण्याच्या व्यवस्थेवर कायमचा अंकुश आणायचा नव्हता. सव्वादोन वर्षांहून अधिक काळ सत्ता होती, काही केले नाही. आपला माणूस ऐकला गेला तेव्हाच राग आला. अमेरिकेतही फार वेगळे घडले नाही. डोनाल्ड ट्रम्प यांनी अध्यक्षपद सोडल्यावर गोपनीय कागद घरी ठेवले म्हणून जून २०२३ मध्ये त्यांच्यावर आरोप ठेवले गेले. पुढच्या वर्षी एका न्यायाधीशांनी खटला काढून टाकला, नोव्हेंबरमध्ये ते निवडणूक जिंकले आणि त्यांच्याविरुद्धचे अपील सरकारी पक्षानेच मागे घेतले. तिथे निदान आरोपपत्र तरी सर्व जगाने वाचले.

आणि त्या पत्रातल्या मजकुराचे काय? पत्र कसे फुटले यावर सगळे बोलले. बदल्यांचा बाजार खरोखर भरतो का, हा प्रश्न मात्र दोन पक्षांच्या आरोप-प्रत्यारोपांत वाहून गेला. देशमुखांवर कारवाई झाली, ते तुरुंगात गेले, पण बाजाराचे काय झाले? आपल्यासाठी खरा प्रश्न इथे आहे. ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्याचा तपास १९९५ च्या नियमांप्रमाणे पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी करतो. खुर्ची विकत घेऊन एखादा अधिकारी आपल्या तालुक्यात आला, तर घातलेले पैसे तो कोणाकडून वसूल करील? गावच्या पाटलाकडून, साखर कारखान्याच्या संचालकाकडून, म्हणजे नेमके ज्यांच्याविरुद्ध आपल्या माणसाने फिर्याद दिलेली असते त्यांच्याकडून. मग तपास कसा होतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. फिर्याद उशिरा घेतली जाते, जातीवाचक शिव्यांचा उल्लेख गळतो, पंच त्याच आळीतले असतात. बदल्यांच्या दलालीचा कागद हा आपल्यासाठी पक्षीय हत्यार नाही, न्यायाचा कागद आहे. तो ‘गोपनीय’ असायचे कारण काय?

आता पहिल्या पत्रकार परिषदेकडे परत येऊ. पोलिसांनी पत्रे वाचून दाखवल्यावर काही दिवसांतच मुंबई उच्च न्यायालयाने विचारले, की प्रकरण न्यायप्रविष्ट असताना हे कागद जाहीरपणे कसे वाचले जातात. २८ सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी वेगळे मत लिहिले आणि या वर्तनामुळे तपासाच्या निष्पक्षपणावरच शंका येते असे नोंदवले. बहुमत दुसऱ्या बाजूला होते. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमधली पत्रे बाहेरून घुसवली गेल्याचा निष्कर्ष काढला. तपास यंत्रणेने तो मान्य केला नाही. पण ती पत्रे वाचून दाखवणारे अधिकारी तोवर मुंबईचे पोलीस आयुक्त झाले होते.

याच प्रकरणात आनंद तेलतुंबडे यांच्या गोव्यातल्या घरावर ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांच्या गैरहजेरीत छापा पडला. १४ एप्रिल २०२० रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी, ते तपास यंत्रणेपुढे हजर झाले. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला आणि संविधान दिनाला ते बाहेर आले. अडीच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात. एका बाजूला सरकारी पत्र फुटले, त्यात कोणी एक रात्रही कोठडीत काढली नाही. दुसऱ्या बाजूला एका माणसाच्या घरात शिरून, त्याच्याविषयीचे कागद जाहीर करून, त्यालाच आत टाकले. आणि १ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगावला आपल्या लोकांवर हल्ला झाला तेव्हा पुणे शहराच्या पोलीस आयुक्त रश्मी शुक्ला होत्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या चौकशी आयोगाने शुक्ला आणि परमबीर सिंग, दोघांनाही साक्षीसाठी बोलावले होते. हल्ल्याच्या आधी गुप्तवार्तेला काय माहीत होते, हे त्या आयोगापुढचे मूळ प्रश्न. तेव्हाचे अहवाल कुठे आहेत?

बाबासाहेबांनी हा धोका आधीच ओळखला होता. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी मूलभूत हक्कांत एक कलम सुचवले. माणसाचे शरीर, त्याचे घर आणि त्याचे कागदपत्र यांवर अवाजवी झडती-जप्तीपासून संरक्षण असावे, असे ते होते. संविधान सभेच्या समित्यांत बी. एन. राव आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी अशा तरतुदीला हरकत घेतली, पोलिसांचे हात बांधले जातील असे त्यांचे म्हणणे. तरतूद गळाली. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाला मूलभूत हक्क म्हणायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. सत्तर वर्षे. बाबासाहेबांना घर आणि कागद यांचा विचार सुचला, कारण जिच्या वस्तीत पोलीस कधीही शिरू शकतो अशा समाजाचा तो माणूस होता. अय्यर यांच्या घरात शिरायला पोलीस धजला असता का?

आपल्यातले काही जण म्हणतात, फोडले तर फोडले, भ्रष्टाचार उघड झाला ना? ही बाजू आम्हाला अर्धी पटते. भ्रष्टाचाराचा कागद बाहेर येणे चांगलेच. पण तो योग्य वेळी लोकांसाठी बाहेर आला नाही. सात महिने कपाटात राहिला आणि एका पक्षाच्या सोयीच्या दिवशी निघाला. एखाद्या कारकुनाने तोच कागद एखाद्या कार्यकर्त्याला दिला असता, तर कलम ५ त्या कारकुनाला जन्मभर पुरले असते. आदर्श सोसायटीच्या फाईलमधली पाने नगरविकास विभागातून गहाळ झाली तेव्हाही विभागातल्या कर्मचाऱ्यांना अटक झाली. पाने कोणाच्या फायद्यासाठी गेली, याचे उत्तर लोकांना मिळाले नाही.

यात आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष नाही. फोन ऐकल्याच्या नोंदी गरज नसेल तर दर सहा महिन्यांनी नष्ट कराव्यात, असे २००७ च्या नियम ४१९अ मध्ये होते. खासगीपणासाठी हे ठीक वाटते. पण ज्याचा फोन ऐकला त्याला कधीच कळवले जात नाही आणि पुरावा तेवढा जळतो. इंग्रजांनी आपल्यावरचे अहवाल सहा महिन्यांनी जाळले असते, तर १९८२ चा तो खंड निघाला नसता. आमची मागणी सोपी आहे: ठराविक काळानंतर संबंधित माणसाला कळवा, आणि परवानगीचे आदेश जाळण्याऐवजी पुराभिलेखागारात द्या.

तोवर हातात जे आहे ते वापरायचे. इथल्या एका कार्यालयात आम्ही एका जुन्या प्रकरणाची माहिती मागितली, उत्तर आले, ‘संचिका आढळून येत नाही’. असे उत्तर घेऊन गप्प घरी येऊ नका. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. अभिलेख जपण्याची जबाबदारी त्यात ठरलेली आहे आणि भंग झाल्यास शिक्षेचीही तरतूद आहे. पहिल्या अपिलात त्याचा उल्लेख करा, फाईल शेवटची कोणाच्या ताब्यात होती ते नावानिशी मागा. गुप्तवार्ता विभागाला सरकार माहिती अधिकारातून वगळू शकते, पण भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांना ती सूट लागू होत नाही, असे कलम २४ म्हणते. वीस वर्षे उलटलेल्या घटनांबाबत कलम ८(३) बहुतेक अपवाद काढून घेते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबारात दहा जण मारले गेले, त्यालाही वीस वर्षे केव्हाच उलटली. त्या सकाळचे वायरलेस संदेश आणि गुप्तवार्तेचे अहवाल मागणारा अर्ज आम्ही तयार करत आहोत. मुंबई, पुणे, सोलापूर, नांदेडच्या मित्रांनीही आपापल्या जिल्ह्यातल्या एका जुन्या प्रकरणाचा अर्ज लिहावा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. उत्तर काहीही आले तरी त्याची प्रत जपून ठेवा.