अमेरिकेचा मका आणि आमच्या मंडळ्या

रत्नागिरीत आम्ही ख्रिस्ती थोडके. कोल्हापूरच्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने इकडे काम केलं, म्हणून आमचं घराणं प्रेस्बिटेरियन. पणजोबा नगरचे असते तर आम्ही काँग्रिगेशनल झालो असतो, कारण मिशनांनी मुलूख वाटून घेतले होते आणि पंथ गावावरून ठरायचा. दक्षिणेकडचे कॅथलिक गोव्याकडून आलेले. त्यांचं चर्च वेगळं, सोयरीकही वेगळी.

माझ्या मते ही वाटणी खऱ्या अर्थाने ढिली झाली ती 1899-1900च्या दुष्काळात. कोकणावर तो तितका कोसळला नाही. घाटावर मात्र माणसं आणि गुरं अन्नावाचून मेली. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेराल्ड’ साप्ताहिकाने वाचकांना मदतीची हाक दिली आणि 1900 साली ‘क्विटो’ जहाज 2 लाख बुशेल, म्हणजे सुमारे 5 हजार टन मका घेऊन मुंबईला लागलं. वाटपासाठी निरनिराळ्या मिशनांची माणसं एका समितीत आली. कारभारात पुढे होते नगरचे रॉबर्ट ह्यूम. बाप्तिस्म्याला पाणी शिंपडायचं की माणूस बुडवायचा, यावर ज्यांचं कधी जमलं नाही, त्यांचं मक्याच्या पोत्यांवर जमलं.

दुष्काळात बाप्तिस्मेही वाढले. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा आम्ही अजून ऐकतो. तो साफ खोटा आहे, असं मी म्हणणार नाही. उपाशी माणसाला निवड करायला जागा कितीशी असते? पण ज्यांनी टोमणा मारला, त्यांनी दुष्काळातल्या अनाथ पोरांना घरात घेतलं नव्हतं.

कवी नारायण वामन टिळकांनी घेतलं. ते आपल्याच जिल्ह्यातले, करजगावचे चित्पावन. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. पुढे परतल्या तरी सोवळं काही लगेच सुटलं नाही. 1900 साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. दुष्काळातली अनाथ मुलं नगरला त्यांच्या घरी राहिली. मला लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात धर्मांतरापेक्षा सोवळं सुटून ही मुलं घरात आली, हा स्वयंपाकघरातला बदल मोठा वाटतो. पंथांमधल्या भिंती साहेबांनी बांधलेल्या होत्या. जातीची भिंत आमचीच, आणि ती चर्चमध्येही आमच्याबरोबर आली.

कागदावरची एकी सावकाश आली. 1924 साली प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं, 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. मग एकीत गेलेले आणि बाहेर राहिलेले यांच्यात जमिनी आणि इमारतींवरून कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. वकील दोन्ही बाजूंना मिळाले. मात्र रविवारी दोन्हीकडच्या उपासनेत गाणी टिळकांचीच असतात.